उन्हाळ्यावर खापर फोडू नका

तलावाचं पाणी हिरवं झालं, त्यावर साय धरली, काठावर उग्र वास सुटला की खुलासे ठरलेले असतात. प्रशासन म्हणतं, उष्णतेमुळे शेवाळ वाढलं आहे, पाऊस पडला की जाईल. महाविद्यालयातले प्राध्यापक म्हणतात, प्लवकांची संख्या उन्हाळ्यात सर्वाधिक आणि पावसाळ्यात सर्वांत कमी असते, हे आमच्या दोन वर्षांच्या अभ्यासात दिसलंच आहे. हवामानबदलाचं नाव घेण्याची सोय झाल्यापासून तिसरा खुलासाही तयार असतो. तिघांचंही बोट आकाशाकडे. आकाशावर गुन्हा दाखल करता येत नाही, त्यामुळे प्रकरण तिथेच मिटतं.

उथळ तलावांपुरतं तरी हे उत्तर मला मान्य नाही. ऋतू बदलला की प्लवक बदलतात, यात वाद नाही. पण कोणते प्लवक येतील, किती येतील, किती दिवस मुक्काम करतील आणि त्यांच्यानंतर पाणी नितळ होईल की आणखी गढूळ, हे ठरतं तळातल्या गाळावरून, पाणवनस्पतींवरून, माशांवरून आणि पाण्याच्या खोलीवरून. या चारही गोष्टींत माणसाचा हात असतो. म्हणूनच बहुधा त्यांची चर्चा होत नाही.

आधी उथळपणाचं बघू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. प्लवकांच्या ऋतुचक्राचं जे चित्र आपल्याकडे शिकवलं जातं ते खोल आणि थंड प्रदेशातल्या सरोवरांचं आहे. 1986 साली उलरिच झोमर, मॅचिए ग्लिविच, विनफ्रीड लाम्पर्ट आणि अ‍ॅनी डंकन यांनी ते 24 विधानांत मांडलं. ‘पेग मॉडेल’ या नावाने ते ओळखलं जातं. त्याचा मुख्य आधार होता आल्प्सच्या पायथ्याचं कॉन्स्टन्स सरोवर, कमाल खोली अडीचशे मीटर. अशा सरोवरात उन्हाळ्यात कोमट पाण्याचा थर वर तरंगतो आणि गार, जड पाणी खाली राहतं. वरून जे बुडालं ते थर मोडेपर्यंत परत येत नाही. त्यामुळे वरच्या थरात हळूहळू पोषणद्रव्यांचा दुष्काळ पडतो. वसंतात छोटी शैवालं वाढतात, मग पाणपिसवा हे बारीक प्राणी-प्लवक त्यांच्यावर तुटून पडतात, काही आठवडे पाणी आरशासारखं होतं, मग पाणपिसवांचीच उपासमार होते आणि माशांची पिल्लंही त्यांना टिपतात.

या मांडणीबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. तिच्यात तापमान नायक नाहीच. नायक आहेत भूक आणि शिकार. पुढे 2012 साली याच परिवारातल्या शास्त्रज्ञांनी ती सुधारली, तेव्हा परजीवी, अन्नाचा कस आणि हिवाळा तगून राहिलेले जीव यांना त्यांनी आणखी महत्त्व दिलं. आपण मात्र त्यातून फक्त आलेख उचलला. आडव्या अक्षावर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन खण पाडले आणि कारणांच्या जागी थर्मामीटर ठेवला.

दोन-तीन मीटर खोलीच्या तलावात यातलं काहीच जसंच्या तसं लागू पडत नाही. दुपारी थर पडला तरी रात्रीच्या वाऱ्याने तो मोडतो. जे बुडालं ते तळाशी जातं आणि तळ हाताच्या अंतरावर असतो. हंगेरीच्या बालाटनची सरासरी खोली सव्वातीन मीटरच्या आसपास आहे, चीनच्या ताइहूची दोन मीटरही नाही. या सरोवरांत गाळ आणि पाणी यांची देवघेव सतत चालू असते. गाळात लोहाला बांधलेला फॉस्फरस असतो. रात्री तळाशी प्राणवायू संपला की तो सुटतो. दुपारी शैवालानेच पाण्यातला कर्बवायू ओढून सामू नऊच्या पलीकडे नेला की तेव्हाही सुटतो. म्हणजे शैवाल वाढलं की शैवालाचं खत वाढतं. नाला वळवला, सांडपाणी बंद केलं, फलक लावला, आणि तरी तलाव हिरवाच, असं जेव्हा होतं तेव्हा लोकांना कंत्राटदाराची लबाडी वाटते. तीही असेल. पण नाला पूर्ण बंद झाला तरी वर्षानुवर्षांचं साचलेलं तळाशी असतंच.

आता आपल्याकडच्या पुराव्याकडे येतो, कारण ‘अभ्यासात दिसलंच आहे’ हे वाक्य फार सहज टाकलं जातं. अभ्यासाचा साचा असा: तलावावर तीन-चार ठिकाणं ठरवायची, महिन्यातून एकदा सकाळी जायचं, 25 नंबरच्या बोल्टिंग सिल्कच्या जाळीतून पाणी गाळायचं, लुगॉलचं आयोडीन घालायचं, सेजविक-राफ्टर पेटीत मोजायचं. सोबत तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, कठीणपणा, क्लोराइड. 24 महिने झाले की सहसंबंधाचं कोष्टक. कोष्टकात तापमानासमोर तारांकित आकडा आला की निष्कर्ष लिहून तयार.

या साच्यात किती भोकं आहेत ते पाहा. जाळीचं छिद्र साधारण 60 मायक्रॉनचं. दोन ते वीस मायक्रॉनची शैवालं तिच्यातून सरळ निसटतात, आणि पाण्यातलं बरंचसं उत्पादन कित्येकदा याच बारक्या मंडळींचं असतं. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शैवालाचे गोळे मात्र जाळीत हमखास अडकतात. जे मोठं तेच मोजलं, आणि जे मोजलं तेच तलावात आहे असं जाहीर केलं. दुसरं, गरम पाण्यात रोटिफर या सूक्ष्म प्राण्यांची नवी पिढी दोन-तीन दिवसांत उभी राहते. महिन्यातून एकदा डोकावणाऱ्याला मधल्या दहा पिढ्यांचा पत्ता लागत नाही. नितळ पाण्याचा टप्पा पंधरवड्यात येऊन गेला तर तो नोंदवहीत नसतोच.

तिसरं भोक सगळ्यांत मोठं. सामू आणि प्लवक यांचा घनिष्ठ संबंध आढळला, असं लिहिणाऱ्यांना एवढं तरी सुचायला हवं की सामू शैवालानेच वर नेलेला असतो. परिणामालाच कारणाच्या रकान्यात बसवलं की संबंध घनिष्ठ निघणारच. दिवसा मोजलेल्या प्राणवायूचंही तेच. आणि तापमान? वर्षाच्या तालावर वरखाली होणारी कोणतीही गोष्ट त्याच तालावर वरखाली होणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही गोष्टीशी जुळते. त्याच 24 महिन्यांतल्या रसवंतीच्या गल्ल्याचे आकडे कोष्टकात घाला, तारांकित संबंध निघेल. शिवाय पंधरा घटक आणि दहा प्लवकगट घेतले की दीडशे जोड्या होतात. त्यातल्या सात-आठ निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतात. त्या बिचाऱ्या सात-आठ जोड्यांवर किती पीएच.डी. उभ्या आहेत, हा प्रश्न विचारायला मला आवडेल, पण तो सध्या बाजूला ठेवतो.

या कोष्टकांत एक रकाना जवळपास कधीच नसतो. मासे.

चेकोस्लोव्हाकियात यारोस्लाव ह्रबाचेक यांनी एल्ब नदीकाठच्या डबक्यांत 1960 च्या सुमारास दाखवून दिलं की मासे जास्त असले तर मोठे प्राणी-प्लवक नाहीसे होतात आणि शैवाल माजतं. 1965 साली ब्रूक्स आणि डॉडसन यांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटची उदाहरणं प्रसिद्ध केली. तिथल्या क्रिस्टल लेकमधल्या प्लवकांची 1942 ची नोंद उपलब्ध होती. मध्यंतरी त्यात हेरिंग कुळातला एक प्लवकभक्षी मासा शिरला. 1964 साली पुन्हा पाहिलं तर मोठ्या पाणपिसवा गायब, त्यांच्या जागी बारीक जाती. सरोवर तेच होतं, अक्षांशही तोच. उन्हाळे काही या 22 वर्षांत पालटले नव्हते. पालटला होता तो खाणारा.

आता आपल्या तलावांत काय सोडलं जातं ते आठवा. दरवर्षी मत्स्यबीज, बोटुकली. कटला, रोहू, मृगळ, जोडीला चंदेरा, गवत्या, सायप्रिनस. यातला कटला वरच्या थरात राहून मुख्यतः प्राणी-प्लवक खातो. चंदेरा गाळून खातो, त्याच्या गाळणीत शैवालाचे गोळे जातात तसे शैवाल खाणारे जीवही जातात आणि बारीक शैवालाला मोकळं रान मिळतं. गवत्या पाणवनस्पती फस्त करतो. सायप्रिनस तळ उकरतो. चिलापी न सोडताच कुठून तरी येते आणि घरट्यांसाठी तळाला खड्डे पाडते. शिवाय डासांसाठी म्हणून गप्पी मासे, जे डासांच्या अळीइतक्याच आनंदाने पाणपिसू खातात. शैवालाला खाणारे संपवायचे, शैवालाशी स्पर्धा करणाऱ्या वनस्पती संपवायच्या, तळातलं खत ढवळून वर आणायचं, आणि मग एप्रिलमध्ये विचारायचं की पाणी हिरवं का झालं!

याचा अर्थ मासेमारी बंद करा असा कोणी काढू नये. मच्छीमार संस्थांचं पोट त्या तलावावर आहे. पण कोणती जात, हेक्टरी किती, हा निर्णय पाण्याचा रंग ठरवतो, हे तरी ठेका देणाऱ्या कार्यालयाने कबूल करावं.

या मुद्द्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. म्हणतात, हे सगळं युरोप-अमेरिकेचं. उष्ण प्रदेशात डॅफ्निया ही मोठी पाणपिसू तग धरत नाही. आपल्याकडे मोइना, सेरिओडॅफ्निया, ब्रॅकिओनस, केराटेला अशी बारकी प्रजाच असते, ती शैवालाला आवरू शकत नाही. तेव्हा इथे ऊनच खरं. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. डेन्मार्कमध्ये मासे काढून तलाव नितळ केले म्हणून तोच प्रयोग भंडाऱ्यात चालेल असं मी म्हणणार नाही. पण बारक्या प्रजेचं कारण एकटं ऊन आहे असं वाटत असेल, तर सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात भरणाऱ्या खळग्यांकडे पाहा. तिथलं पाणी वीतभर, उन्हात चांगलं तापणारं. तरीही त्यांत फेअरी श्रिंप पोहताना दिसतात, पाणपिसवांपेक्षा कितीतरी मोठे, पाणी गाळून खाणारे. त्या खळग्यांत मासे नसतात. आपल्या उष्ण तलावांत मासे बारमाही वीण घालतात, त्यामुळे शिकारही बारमाही चालते. आक्षेप घेणारे ज्याला उन्हाचा परिणाम म्हणतात, त्यात माशांचा वाटा मोठा आहे.

आता पाणवनस्पती. स्वीडनमधली टॉकेर्न आणि क्रांकेशॉन ही दोन सरोवरं जेमतेम मीटरभर खोलीची. विसाव्या शतकात ती अनेकदा नितळ झाली आणि अनेकदा गढूळ. नितळ असताना तळ वनस्पतींनी भरलेला, गढूळ असताना पाण्यात शैवाल आणि तळ उघडा. या उलथापालथींचं स्पष्टीकरण बाहेरून येणाऱ्या पोषणद्रव्यांत सापडलं नाही. संशोधकांनी बोट ठेवलं ते पाण्याच्या पातळीतल्या चढउतारांवर. एकाच हवामानात, तितक्याच खतावर, तलाव दोन वेगळ्या संसारांत राहू शकतो. मार्टिन शेफर आणि सहकाऱ्यांनी 1993 साली याचा सिद्धांत मांडला.

नेदरलँड्सच्या वेलुवेमेरने त्याची किंमत दाखवली. 1957 साली पाणी हटवून जमीन काढताना बनलेला हा उथळ तलाव. सुरुवातीला नितळ, तळाशी कारा वनस्पतींचे गालिचे. 1960 च्या दशकाच्या शेवटी सांडपाण्याने ते संपले आणि ऑसिलेटोरिया अगार्धी या तंतुमय नील-हरित शैवालाने ठाण मांडलं, तेही बारमाही. डच हिवाळ्यातसुद्धा ते हटेना. ते स्वतःच सावली पाडतं, त्या सावलीत दुसरं कोणी जगत नाही आणि ते स्वतः जगतं. ऋतुचक्रच बंद पडलं म्हणा ना. 1979 पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला लागले, हिवाळ्यात स्वच्छ पाण्याने तलाव धुतला. फॉस्फरस उतरला. पाणी मात्र नितळ व्हायला 1990 चं दशक उजाडावं लागलं, आणि त्यात तळ उकरणारे ब्रीम मासे मोठ्या प्रमाणावर पकडले गेले याचा हात होता. हवामानाने बिघडवलेलं नव्हतं, हवामानाने सुधारलंही नाही.

तरीही ज्यांना ऋतूच हवा आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग. जर्मनीत रोस्टॉकला बाल्टिक समुद्रातलं प्लवक एका टाकीत ठेवलं होतं. प्रकाश ठरावीक, तापमान ठरावीक, ऋतू नावालाही नाही. सहा वर्षांहून अधिक काळ नोंदी घेतल्या. प्लवकांच्या संख्या शेवटपर्यंत वरखाली होत राहिल्या, आणि 2008 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार त्यांचा अंदाज पंधरा ते तीस दिवसांपलीकडे बांधता येत नव्हता. पाणी तलावाचं नव्हतं, हे मान्य. पण उन्हाळा-हिवाळा काढून घेतला तरी खाणारे आणि खाल्ले जाणारे एकमेकांना स्वस्थ बसू देत नाहीत, एवढं त्यातून नक्की निघतं.

ऋतूच्या बाजूचा सर्वांत चांगला साक्षीदार आपल्याच राज्यात आहे, तो मी लपवणार नाही. जून 2020 मध्ये लोणार गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासलं तेव्हा तो रंग मीठप्रिय आर्कियांच्या रंगद्रव्याचा निघाला. उन्हाने पाणी आटलं, खारटपणा वाढला, हे जीव फोफावले. पाऊस आला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. ऋतूचा हात इतका उघड क्वचितच दिसतो. पण उन्हाळा दरवर्षी येतो, आणि इतका ठळक गुलाबी रंग काही दरवर्षी येत नाही. ऊन तिथे पोहोचलं ते खोली आणि खारटपणा यांच्या वाटेने. मोसमी पावसाचंही तसंच. पावसाळ्यात प्लवक कमी होतात ते मुख्यतः पाणी वाहून जातं आणि गाळाने प्रकाश अडतो म्हणून. ज्या शहरी तलावाचे येवे बुजवले, पाणलोटावर इमारती उभ्या केल्या आणि सांडव्यावरून पाणी वाहणं थांबलं, त्या तलावाला पावसाळा धुऊन कसा काढणार? तिथे ‘पाऊस पडला की जाईल’ हा धीर खोटा आहे.

तापमान निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. मायक्रोसिस्टिसला पंचवीस अंशांपुढे सुगी असते. 2007 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ताइहूकाठच्या वूशी शहरात सुमारे वीस लाख लोकांच्या नळाला पिण्याजोगं पाणी उरलं नाही, त्यात उष्णतेचा वाटा होता. पण ताइहूचा फॉस्फरस सूर्यावरून आला नव्हता. ऊन अधिक तापणार असेल, तर ते ज्या तळावर पडणार आहे तो तळ सुधारण्याची निकड वाढते, कमी होत नाही.

तलाव सुधारण्याच्या नावाखाली बसवल्या जाणाऱ्या कारंज्यांबद्दल थोडक्यात. अ‍ॅमस्टरडॅमच्या निउवे मेर तलावात 1990 च्या दशकात हवेचे बुडबुडे सोडून मायक्रोसिस्टिस खरोखर आवरलं गेलं. पण तो तलाव तीस मीटर खोल आहे. तरंगणाऱ्या शैवालाला खाली अंधारात ओढता आलं म्हणून ते हरलं. अडीच मीटरच्या तलावात अंधार आणणार कुठून? तिथे ढवळणं म्हणजे तळाचा फॉस्फरस वर पोहोचवण्याची सोय. कोल्हापूरचा रंकाळा हिरवागार झालेला साऱ्या राज्याने पाहिला आहे. त्यातूनही आपण एवढंच शिकलो असू की पाण्याला रोषणाई करावी, तर कठीण आहे.

याउलट गोंदिया-भंडाऱ्याकडे पाहा. कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले ते मालगुजारी तलाव, आजचे मामा तलाव. मुळात उथळ. तिथल्या काही गावांत ढिवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी बेशरम हे तण उपटलं, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ नांगरला, देशी पाणवनस्पती लावल्या, देशी मासे परत आणले. कोणत्या माशाला कोणत्या वनस्पतीचा आसरा लागतो हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. त्यांनी उन्हाळ्याला दोष दिला नाही, उन्हाळ्याचा उपयोग केला.

संशोधकांकडे माझी मागणी साधी आहे. महिन्याऐवजी आठवड्याने जा, जाळीसोबत न गाळलेलं पाणीही मोजा, मासे आणि पाणवनस्पती यांना कोष्टकात रकाना द्या, सामूला कारण म्हणू नका. आणि वाचकांनो, तुमच्या गावच्या तलावाच्या सुशोभीकरणाची निविदा निघेल तेव्हा माहितीच्या अधिकारात तिची प्रत मागवा. गाळातल्या फॉस्फरसची तपासणी, माशांची मोजणी आणि पाणवनस्पतींची लागवड ही कामं तीत आहेत का ते पाहा. नसतील तर लेखी हरकत घ्या, आणि ती पावसाळ्याआधी घ्या.